डब्याला राखणदार हवा

देवगड तालुक्यातल्या एका सड्याच्या (कातळ पठाराच्या) उतारावर, जांभ्या दगडाच्या गडग्यातल्या, म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या कुंपणातल्या, एका फटीत डबे लपवण्या-शोधण्याच्या एका खेळासाठी मी ठेवलेला प्लास्टिकचा डबा काही वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये एका आंबा बागेच्या राखणदाराच्या नजरेस पडला. डब्यात एक छोटी वही, एक पेन्सिल, दोन काचेच्या गोट्या आणि कुणा प्रवाशाने ठेवलेले एक परदेशी नाणे एवढाच ऐवज होता. राखणदाराने डब्याला हात लावला नाही. त्याने बागायतदाराला हाक मारली, बागायतदाराने पोलीस पाटलांना बोलावले, आणि मी बातमी कळून तिथे पोचेपर्यंत गडग्याभोवती वीसेक माणसे जमली होती. झाकणावर मी ठळक अक्षरांत लिहिले होते की हा एका खेळाचा भाग आहे, घाबरू नये, डबा जागेवरच ठेवावा. हे सारे इंग्रजीत होते. मी माझ्या परीने खुलासा केला. डबा जमिनीत पुरलेला नाही, त्यात खाण्याचे काही नाही, दुसऱ्या डब्यापासून तो पुरेसा दूर आहे, असे खेळाचे नियम एकेक करून सांगितले. ते शांतपणे ऐकून घेतल्यावर एका आजोबांनी एकच प्रश्न विचारला: "गडगो तुमचो काय?"

गडगा माझा नव्हता. ज्याचा होता त्याला मी विचारलेही नव्हते. पाळलेल्या नियमांची एवढी मोठी यादी माझ्याजवळ होती आणि त्या यादीत या प्रश्नाचे उत्तर कुठेच नव्हते, ही गोष्ट मला तेव्हापासून अस्वस्थ करीत आली आहे. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने डबा उघड्यावर कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि इतरांनी जीपीएसच्या आधाराने तो शोधून, आतल्या वहीत सही करून, पुन्हा होता तसा ठेवायचा, एवढाच त्याचा गाभा. (अशा डब्याला खेळाडू इंग्रजीत "कॅश" म्हणतात, पण गावात बोलताना "कॅश शोधतोय" असे चुकूनही म्हणू नये, हा अनुभवाचा सल्ला, त्या शब्दाचा आपल्याकडे रोकड हा एकच अर्थ होतो.) जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकी सरकार मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली आणि शंभरेक मीटरपर्यंत चुकणारी साधी यंत्रे एका रात्रीत कितीतरी पटींनी अचूक झाली. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल, पुस्तके, एक गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबाही होता. काही घ्यावे, काही ठेवावे, एवढाच तेव्हाचा नियम. आज डब्यात खाद्यपदार्थ ठेवण्यास सक्त मनाई आहे, म्हणजे या खेळातली पहिलीच ठेव आजच्या नियमांत बसली नसती.

त्याहून जुना एक पूर्वज इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर सापडतो. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल या दलदलीच्या आडजागी एक बाटली ठेवली, आणि तिथवर पायपीट करून पोचणारे लोक तिच्यात आपली नाव-पत्त्याची कार्डे टाकू लागले. या हकिकतीत बाटलीपेक्षा बाटली ठेवणारा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पेरट त्याच परिसरातला माणूस होता. त्या माळावरून लोकांना नेणे हा त्याचा धंदा होता. बाटलीचे काही बरेवाईट झाले तर कुणाला विचारायचे, हे तिथे येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होते. पुढे छंद जगभर पसरला, बाटलीचे डबे झाले, डब्यांची संख्या लाखांत गेली, आणि वाटेत कुठेतरी हा माणूस गळून पडला.

त्याची जागा नियमांनी घेतली, आणि नियम आले की वाद आलेच. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर असले पाहिजे. डबा पुरू नये. सही केल्याशिवाय डबा सापडला असे म्हणता येत नाही. पण पावसाने वहीचा लगदा झाला असेल तर छायाचित्र चालावे की नाही, यावर लोक वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. डबा न सापडल्यावर "तो हरवलाच असणार" असे स्वतःच ठरवून तिथे नवा डबा टाकणारे आणि शोध लागला म्हणून नोंद करणारे महाभाग असतात. त्यांच्याविषयी खेळाडूंत जो संताप आहे तो समजण्यासारखा आहे, कारण बहुतेक वेळा जुना डबा दोन हातांवर सुखरूप असतो आणि रानात एकाऐवजी दोन प्लास्टिकचे तुकडे पडून राहतात. रस्त्याच्या कडेने ओळीने शेकडो डबे मांडून दिवसात आकडा फुगवणे हा खेळ आहे की हिशेबनिशी, हाही जुना वाद. यातल्या बऱ्याच वादांत मीही हिरिरीने भाग घेतला आहे. पण नीट पाहिले तर हे सगळे खेळाडूने खेळाडूशी घातलेले वाद आहेत. ज्याच्या गडग्यात, ज्याच्या माडाखाली, ज्याच्या देवळामागे डबा आहे तो माणूस या वादात कुठेच नाही. नियमावलीत त्याचा उल्लेख "जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी" एवढ्या एका वाक्यापुरता येतो, आणि खेळाडूंच्या रोजच्या बोलण्यात तर तो केवळ चुकवायचा बघ्या असतो.

कोकणात हे एक वाक्य अपुरे पडते, आणि त्याची कारणे इथल्या जमिनीत आणि इथल्या किनाऱ्यावर आहेत.

आधी किनाऱ्याचे पाहू. फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईतल्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या एका बेवारस बोटीत एके-४७ रायफली सापडल्या आणि पुढल्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर लाटांबरोबर चरसाची पाकिटे वाहून आली. या साऱ्यातून इथल्या लोकांना एकच धडा मिळाला आहे, की बेवारस वस्तू दिसली तर हात लावायचा नाही आणि पोलिसांना कळवायचे. त्या राखणदाराने तेच केले आणि ते योग्य केले. परदेशातही वेगळे घडत नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेबाहेर लपवलेला खेळातला डबा बॉम्ब समजून तिथल्या बॉम्बशोधक पथकाने उडवून दिला होता. फरक इतकाच की वेदरबीत तो एका दिवसाचा गोंधळ ठरला. आपल्या किनाऱ्यावर मात्र एखाद्या वाडीची रात्रभराची झोप उडू शकते आणि एखाद्या निरपराध पोराची पोलीस ठाण्यात चौकशी होऊ शकते.

किनारा सोडून सड्यावर चढले तरी संशय संपत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. हातात यंत्र घेऊन, जमिनीकडे पाहत, चार पावले पुढे आणि दोन पावले मागे करणारा माणूस गावाला दोनच कारणांनी ठाऊक असतो. एक म्हणजे गुप्तधन शोधणारा. या वेडापायी घडणारे अघोरी प्रकार इतके खरे आहेत की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागली. (जाता जाता सांगायचे तर १८७८ चा निखातनिधीचा कायदाही अजून आहे, आणि जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. डबा पुरू नये या नियमाचे आपल्याकडे हे एक जादा कारण.) दुसरा म्हणजे सर्व्हेवाला. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर तेल शुद्धीकरण प्रकल्पासाठी मोठ्या पोलीस बंदोबस्तात माती परीक्षणाचे काम झाले, तेव्हा भर उन्हात कातळावर बसून राहिलेल्या बायकांची छायाचित्रे सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या प्रकल्पाविषयी कुणाचे मत काहीही असो, त्यानंतर राजापूरच्या सड्यावर अक्षांश-रेखांश मोजत फिरणाऱ्या परक्या माणसाला "मी नुसता खेळतोय" असे म्हणून सुटका करून घेण्याचा हक्क राहिलेला नाही. जमिनीची मोजणी म्हणजे जमीन जाण्याची पहिली पायरी, हे ज्यांनी अनुभवले किंवा जवळून पाहिले त्यांच्यासमोर आपण मोजणीचा खेळ मांडतो आहोत, एवढे भान तरी खेळाडूने ठेवायला हवे.

आता परवानगीचे. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक जमीन आणि तिचा एक मालक असावा. त्याने आपल्याकडचा सातबारा पाहिलेला नाही. पंचवीस गुंठ्यांच्या तुकड्यावर चाळीस नावे, त्यातली निम्मी मयत, उरलेल्यांतली बहुतेक मुंबईत, दोघांचा ठावठिकाणा कुणालाच माहीत नाही, आणि प्रत्यक्षात जमीन कसणारे कूळ तिसरेच. ही इथली अपवादाची नव्हे, नेहमीची स्थिती आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत तर गावकऱ्यांच्या सामाईक हक्काच्या, कबुलायतदार गावकर म्हणवल्या जाणाऱ्या जमिनींचा प्रश्न कित्येक दशके शासनदरबारी लोंबकळत आला. जिथे वारसांना झाड तोडण्यासाठी एकमेकांच्या सह्या मिळत नाहीत, तिथे बिस्किटाच्या डब्याएवढ्या वस्तूसाठी खेळाडू कुणाची परवानगी घेणार? म्हणून बहुतेक जण कुणाचीच घेत नाहीत आणि डबा नोंदवण्याच्या अर्जातल्या परवानगीच्या रकान्यात बिनदिक्कत होकार भरतात. मीही भरला होता. अर्ज तपासणारे स्वयंसेवक दूर कुठेतरी असतात. त्यांना नकाशावर १६१ मीटर मोजता येतात, गडगा कुणाचा ते कळत नाही. नकाशावरचे ते अंतरसुद्धा इथे फसवेच असते. खाडीच्या दोन काठांवरचे दोन डबे सरळ रेषेत दीडशे मीटरवर असतील म्हणून एक बाद होतो. पण त्या दोन काठांवर दोन निरनिराळी गावे असतात आणि एकातून दुसऱ्यात जायला पूल नसेल तर अर्धा दिवस मोडतो.

यावर माझे म्हणणे असे आहे की कोकणात परवानगीचा विचार कागदाच्या अंगाने न करता माणसाच्या अंगाने करावा. प्रत्येक डब्याला त्या वाडीतला एक राखणदार हवा. राखणदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण इथे त्याला दोन अर्थ आहेत. बागेत खोपटे घालून रात्रभर जागणारा तो एक राखणदार, आणि गावाच्या सीमेवर, पाणंदीच्या वळणावर, जुन्या झाडाखाली ज्याला नारळ ठेवून गाऱ्हाणे घातल्याशिवाय कोणतेही नवे काम सुरू होत नाही तो दुसरा. दुसऱ्यावर विश्वास असो वा नसो, त्या रिवाजातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जागा रिकामी दिसली तरी ती कुणाच्या तरी राखणीत आहे, आणि तिथे काही करण्याआधी सांगायचे असते. खेळाडूने हे सांगणे माणसाला सांगावे. राखणदार जमिनीचा कायदेशीर मालकच असला पाहिजे असे नाही. गावात राहणारा, डबा कुठे आहे आणि कशासाठी आहे हे जाणणारा, कुणी विचारले तर उत्तर देणारा, आणि मुख्य म्हणजे "आता हा काढा" असे कोणतेही कारण न देता म्हणू शकणारा माणूस म्हणजे डब्याचा राखणदार. झाकणावर त्याचे नाव मराठीत हवे. वाडीतल्या कुणाही माणसाला ते वाचून डबा बंद करून बाजूला ठेवता आला, की खेळाची निम्मी भीती गेली.

नियमावलीत याच्या जवळ जाणारा एक नियम आहे, हे मान्य केले पाहिजे. सुटीवर येऊन परत जाणाऱ्याला डबा तसाच ठेवून जाता येत नाही. डब्याची देखभाल जवळचा कोण करील ते त्याने सांगावे लागते. मात्र तो जवळचा माणूस खेळाडूच असावा, अशी त्यात अपेक्षा असते. त्यातही आमच्या चाकरमान्यांचा पेच निराळा. ज्याचे घर गावात, नाव सातबाऱ्यावर, मान शिमग्यात आणि नोकरी ठाण्यात, तो गावचा की सुटीवर आलेला? गणपतीत आणि शिमग्यात येऊन डबा पाहून जाईन असे म्हणणारा चाकरमानी स्वतःला गावकरी समजतो, पण जून ते सप्टेंबर, जेव्हा रत्नागिरीसारख्या ठिकाणी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि डब्याची खरी परीक्षा होते, तेव्हा तो तिथे नसतो. त्याच्या घरावरचे नळे, म्हणजे कौले, शेजारी परतून देतो. मग डब्याचा राखणदारही शेजारीच असायला हवा, आणि त्याला खेळ खेळता येतो की नाही याला काडीचेही महत्त्व नाही.

आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की गावात सांगितले की गुपित संपले, आणि गुपित संपले की खेळ संपला. मला हा आक्षेप भाबडा वाटतो. कोकणातल्या वाडीत परक्या माणसाने केलेली कोणतीही गोष्ट गुपित राहत नसते. तुम्ही एसटीतून उतरलात तेव्हाच कोणाकडे आलात याची चर्चा झालेली असते. गुपित राहते ते फक्त तुमचा हेतू, आणि नेमका तोच उघड व्हायला हवा. शोधणाऱ्याची गंमत डबा त्याला ठाऊक नसण्यात आहे. तो गावाला ठाऊक असण्याने ती उणावत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विचारले तर लोक नाहीच म्हणतील, नकार देणे सोपे असते, आणि मग संबंध किनाऱ्यावर एकही डबा उरणार नाही. शक्य आहे. पण नकाराच्या भीतीने न विचारणे ही परवानगी कशी होते, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही. माझा थोडाफार अनुभव असाही आहे की नकार बहुधा जागेला असतो, खेळाला नसतो. गडग्यात नको, तिकडे वडाखाली ठेवा. देवळाच्या आवारात नको, शाळेच्या वरच्या बाजूला चालेल. विचारल्यावर जी जागा मिळते ती कित्येकदा आपण निवडलेल्या जागेपेक्षा चांगली असते, कारण सांगणाऱ्याने ती जागा बारा महिने पाहिलेली असते.

तिसरा आक्षेप नियमप्रेमींचा. ते म्हणतात, जगभर एकच नियम असला की न्याय सारखा होतो. गावागणिक रिवाज मानू लागलो तर ज्याच्या मनाला येईल तो नियम होईल. या म्हणण्यात तथ्य असते, जर आजचे नियम खरोखर कुठल्याही गावचे नसते तर. वास्तविक तेही कुठल्या तरी जमिनीवरच उगवले आहेत. ब्रिटनमधल्या खेळाडूंच्या संघटनेने चुन्याशिवाय रचलेल्या दगडी कुंपणांत डबे लपवायला मनाई केली, कारण शोधणारे एकेक दगड उपसून पाहत आणि शेतकऱ्यांची कुंपणे ढासळत. आमचा गडगा म्हणजे दुसरे काय आहे? त्यांचा अनुभव त्यांचा नियम झाला, तसा आमचाही व्हावा. आमच्या गडग्याला तर त्यांच्या कुंपणाला नसलेले एक कारण आहे: फुरसे हा विषारी साप. जांभ्याच्या फटीत आणि सैल दगडाखाली ते असते, रंगाने दगडासारखेच असते, आणि देवगड-रत्नागिरीच्या भागात त्याचे दंश नवीन नाहीत. "फटीत हात घालून पाहा" असा सुगावा एखाद्या थंड देशातल्या डब्यासाठी निरुपद्रवी असेल. इथे तो लिहिणाऱ्याला मी बेजबाबदार म्हणेन. समुद्रकाठच्या डब्याचेही तसेच. जागा किती अवघड आहे हे एक ते पाच अशा आकड्यात सांगण्याची पद्धत आहे, पण ओहोटीला दोन असलेली जागा उधाणाच्या भरतीला पाच होते आणि आकडा तोच राहतो. आपले कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. हा हिशेब किनाऱ्यावरच्या प्रत्येक डब्याच्या माहितीत यायला हवा, आणि तो तिथे लिहून देणारा माणूस दूरच्या कार्यालयात सापडणार नाही.

ऋतूंचे पथ्य हाही असाच इथला नियम असावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ते मासळीच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी. त्याबद्दल तक्रारी असल्या तरी बंदी नसावी असे कुणी म्हणत नाही. मग कलमांच्या बागांलगतचे डबे मार्च ते मे बंद ठेवायला काय हरकत आहे? त्या दिवसांत बागेच्या कडेला टॉर्च घेऊन फिरणारा माणूस राखणदाराच्या दृष्टीने आंबाचोरच असतो. वेळास, आंजर्ले आणि इतर किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तिथे हिवाळ्यात रात्री वाळू चाचपडण्याचा खेळ नकोच.

आणि काही जागी डबा कधीच नको. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांच्या तटातल्या एका फटीत डबा ठेवला की दहा जण शेजारच्या दहा फटी उकरून पाहतात. देवराईत किंवा देवरहाटीत, जिथून वाळकी काटकीही न उचलण्याचा संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, तिथे "काही घ्या, काही ठेवा" म्हणणारा खेळ नेणे मला असभ्यपणाचे वाटते. कातळशिल्पांचा प्रश्न त्याहून नाजूक. कशेळी, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, कुडोपी इथली शिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, पण सड्यावर गुरे चारणाऱ्यांना त्यातली कितीतरी आधीपासून ठाऊक होती. ती जमिनीला समांतर कोरलेली असल्यामुळे पाहणाऱ्याचा पाय चित्रावरच पडतो. देवाचे गोठणे येथे तर होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते, आणि तिथे जीपीएस घेऊन जाण्याचा मोह मला आजही होतो, हे कबूल करतो.

अशा जागांसाठी खेळाने स्वतःच एक वाट काढली आहे. २००४ पासून भूशास्त्रीय स्थळांसाठी बिनडब्याचा एक प्रकार रूढ झाला. तिथे जायचे, नीट पाहायचे, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. पाण्याचा वास कसा आहे, खडकाचे थर किती, रंग कुठे बदलतो? उन्हाळे, आरवली, उन्हवरे इथले गरम पाण्याचे झरे किंवा समुद्राकडचे जांभ्याचे कडे यांसाठी याहून चांगला प्रकार मला सुचत नाही. मात्र डबा नाही म्हणजे त्रास नाही, असे समजणाऱ्यांनी २०१६ च्या जुलैत आलेला, मोबाइल घेऊन फिरत खेळायचा पोकेमॉनचा खेळ आठवावा. त्यात वस्तू तर सोडाच, कागदाचा कपटाही कुठे ठेवलेला नव्हता, तरी लोकांच्या अंगणांत इतकी गर्दी झाली की अमेरिकेत प्रकरण न्यायालयात गेले; २०१९ च्या तडजोडीत कंपनीने खासगी घरापासून ४० मीटरच्या आतल्या ठिकाणांबद्दलच्या तक्रारी पंधरा दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करण्याचे मान्य केले. त्रास डब्याने होत नाही, येणाऱ्या पावलांनी होतो. म्हणून बिनडब्याच्या जागेलाही राखणदार लागतोच.

खरे म्हणजे लपवणे आणि शोधणे कोकणाला कुणी शिकवावे असे नाही. शिमग्यात कित्येक गावांत पालखी खुणा काढते. जमिनीत नारळ पुरून ठेवलेला असतो, ढोल वाजत असतात, खांद्यावरची पालखी माळावरून इकडून तिकडे झेपावत जाते आणि एका जागी येऊन थांबते. तिथे उकरले की नारळ निघतो. यात श्रद्धेचा भाग किती आणि खांदेकऱ्यांच्या कसबाचा किती, या वादात मी इथे शिरत नाही. पण तिथे पुरणारा गावचा, शोधणारा गावचा, जमीन सर्वांच्या माहितीतली, आणि नारळ निघाला की मागे काहीही उरत नाही. वादही होतात, पालखी आधी कोणाच्या अंगणात जायची यावरून माणसे पोलीस ठाण्यापर्यंत गेली आहेत. तरी ज्याच्याशी भांडायचे तो समोर उभा असतो, त्याचे नाव ठाऊक असते, आणि पुढल्या वर्षी त्याच्याच खांद्याला खांदा लावून पालखी उचलायची असते. दूरच्या नियमावलीशी असे भांडता येत नाही.

माझ्या डब्याचे पुढे काय झाले ते सांगतो. आजोबांच्या प्रश्नानंतर मी गडग्याच्या मालकाकडे गेलो आणि त्यांनी नको म्हटले. कारण मी विचारले नाही. मग वाडीच्या तिठ्यावर ज्यांचे किराणा मालाचे दुकान आहे त्या काकींना सारे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डबो हयसर ठेवा. कोण इलो तर मी बघतंय." याहून चांगला राखणदार मला कुठे मिळणार होता? दुकान पावसाळ्यातही उघडे, काकी बारा महिने तिथेच, आणि गावात येणारा प्रत्येक परका माणूस वाट विचारायला त्यांच्याकडेच जाणारा. पण दुकानात जाऊन दुकानदाराशी बोलावे लागेल असा डबा नियमात बसत नाही; खेळाआडून धंद्याची जाहिरात होऊ नये म्हणून तो नियम आहे, आणि तो का केला असावा हे मला समजते. पाणी पिण्यासाठीसुद्धा ओळख काढावी लागते अशा गावात त्याच नियमाने एकमेव जबाबदार जागा बाद होते, हे मी तपासनिसांना दोनदा लिहिले आहे. उत्तर आलेले नाही. तोवर डबा काकींच्या फळीवर, बिस्किटांच्या बरणीशेजारी आहे. कुठल्याही नकाशावर तो नाही. परवा उघडून पाहिला तेव्हा वहीत सहा सह्या होत्या. त्यातली एक त्या आजोबांच्या नातवाची होती, आणि गोट्या दोनाच्या तीन झाल्या होत्या.